प्लेस्टेशन २ चे दुर्लक्षित गेम: कोल्हापुरात राहून संग्रह कसा उभा करावा

प्लेस्टेशन २ हा सोनीचा टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल जपानमध्ये ४ मार्च २००० रोजी विक्रीस आला आणि २०१३ च्या आरंभी त्याचे उत्पादन थांबले. या अवधीत त्याचे साडेपंधरा कोटींहून अधिक नग विकले गेले. आपल्याकडे तो बहुधा मुंबई-पुण्याला किंवा आखातात असलेल्या नातेवाइकाच्या सामानातून घरी आला, नाहीतर तासावर पैसे घेणाऱ्या गेम पार्लरमधून मुलांच्या ओळखीचा झाला. त्यांतील बहुतेक यंत्रांत कोणतीही डिस्क चालू देणारी चिप बसवलेली होती आणि त्यांवर चालणाऱ्या सीड्या डुप्लिकेट होत्या. त्यामुळे कोल्हापुरात या कन्सोलवर खेळलेली माणसे पुष्कळ भेटतात, पण त्याच्या मूळ छापील डिस्क पाहिलेली माणसे फार थोडी.

संग्रह सुरू करणारा नवखा माणूस सहसा परदेशी संग्राहकांच्या याद्या समोर ठेवतो आणि त्यांतील महागड्या नावांमागे लागतो. मला हा मार्ग चुकीचा वाटतो. लंडन किंवा टोकियोच्या संग्राहकाला जे सहज मिळते त्यासाठी आपण दुप्पट पैसे आणि सीमाशुल्क मोजायचे, आणि जे फक्त भारतातच विकले गेले ते मात्र आपल्या गल्लीतल्या दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडू द्यायचे, हे उलटे गणित आहे. कोल्हापूरच्या संग्राहकाने आधी भारतात निघालेले गेम शोधावेत, त्यानंतर युरोपीय आवृत्तीतले उपेक्षित गेम घ्यावेत आणि आयातीचा विचार सर्वांत शेवटी करावा. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: यंत्र निवडणे

डिस्क घेण्याआधी ती तपासण्यासाठी भरवशाचे यंत्र हवे. प्लेस्टेशन २ ची दोन मुख्य रूपे आहेत. पहिले जाड आणि जड, ज्याचा ट्रे बाहेर सरकतो. दुसरे २००४ पासून निघालेले सडपातळ, ज्याचे झाकण वरून उघडते. यंत्राच्या मागे किंवा खाली चिकटवलेल्या पट्टीवर ‘एससीपीएच’ या अक्षरांपुढे पाच आकडे असतात. शेवटचे दोन आकडे ००, ०१, ०३ किंवा ०४ असतील, तर यंत्र अनुक्रमे जपान, उत्तर अमेरिका, ब्रिटन आणि युरोप यांसाठी बनवलेले आहे असे समजावे. भारत हा पाल या टीव्ही-प्रसारण पद्धतीचा प्रदेश असल्यामुळे आपल्याकडे रीतसर विकलेले यंत्र आणि युरोपीय यंत्र एकाच जातीच्या डिस्क वाचतात. अमेरिकेहून किंवा जपानहून आणलेले जाड यंत्र मात्र तिथल्या कमी दाबाच्या विजेसाठी बनवलेले असते. ते थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातल्यास त्याचा वीजपुरवठा जळतो. विकणारा कितीही खात्रीने सांगत असला, तरी पट्टी स्वतः वाचल्याशिवाय बटण दाबू नये.

यंत्र पाहायला जाताना मी नेहमी तीन डिस्क आणि एक मेमरी कार्ड सोबत नेतो. पहिल्या डिस्कची खालची बाजू निळी असते, कारण सुरुवातीचे कित्येक गेम सीडीवर निघाले आणि त्या सीड्यांना निळा रंग दिलेला होता. दुसरी साधी चंदेरी डीव्हीडी. तिसरी दुहेरी थराची डीव्हीडी. यासाठी ‘गॉड ऑफ वॉर २’ उत्तम, कारण २००७ चा तो गेम दुहेरी थरावर छापलेला आहे आणि आपल्याकडे त्याची मूळ प्रतही अधूनमधून मिळते. वाचक भिंग, म्हणजे लेझर, थकू लागला की या तीन प्रकारांपैकी एखादा आधी अडखळतो. त्यामुळे एकाच डिस्कवर चालवून दाखवलेले यंत्र तपासलेले आहे असे मानू नये. प्रत्येक डिस्क किमान दहा मिनिटे चालू द्यावी, सुरुवातीची चित्रफीत अडकते का ते पाहावे आणि खेळ मेमरी कार्डावर जतन होतो याची खात्री करावी.

सडपातळ यंत्रात आणखी एक धोका असतो. लेझरला जोडलेली चपटी पट्टीची वायर काही यंत्रांत वर उचलली जाते आणि फिरत्या डिस्कला खालून घासून गोल ओरखडा पाडते. म्हणून परक्या सडपातळ यंत्रात स्वतःची मौल्यवान डिस्क कधीही घालू नये. आधी दुकानदाराचीच एखादी डिस्क चालवून, बाहेर काढून, उजेडात तिची खालची बाजू पाहावी. जाड यंत्रात तारीख आणि वेळ पुन्हा पुन्हा पुसली जात असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. आतला सीआर २०३२ जातीचा बटन सेल संपलेला असतो आणि तो बदलता येतो.

दुरुस्तीबाबत एक गोष्ट अनुभवाने सांगतो. माझे पहिले यंत्र डिस्क वाचेना, म्हणून मी ते एका कारागिराकडे दिले. त्याने लेझरजवळचा बारीक स्क्रू फिरवून भिंगाची ताकद वाढवली आणि यंत्र त्याच दिवशी चालू करून दिले. आठ महिन्यांत ते कायमचे बंद पडले. ताकद वाढवल्याने थकलेले भिंग काही काळ वाचू लागते, परंतु त्याचे उरलेले आयुष्य झपाट्याने संपते. त्यामुळे आधी भिंग साफ करून घ्यावे, ज्या दांड्यांवर ते सरकते त्यांना ताजे ग्रीस लावून घ्यावे आणि एवढ्यानेही भागले नाही तर भिंगच बदलून घ्यावे. स्क्रूला हात लावू नये, असे काम देतानाच स्पष्ट बजावावे.

दुसरी पायरी: डिस्कवरची अक्षरे वाचणे

प्रत्येक मूळ डिस्कवर आणि वेष्टनाच्या कण्यावर एक सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. ‘एसएलईएस’ किंवा ‘एससीईएस’ने सुरू होणारा क्रमांक युरोपीय, म्हणजे आपल्या यंत्रावर चालणारा. ‘एसएलयूएस’ आणि ‘एससीयूएस’ अमेरिकेचे, तर ‘एसएलपीएम’, ‘एसएलपीएस’ आणि ‘एससीपीएस’ जपानचे. चिप नसलेल्या आपल्या यंत्रावर ही शेवटची दोन्ही कुळे चालणार नाहीत.

मूळ प्रत ओळखण्यासाठी डिस्क उलटी करून मधल्या भोकाजवळची आरशासारखी पट्टी तिरप्या उजेडात पाहावी. तिथे कारखान्याचा बारीक कोरीव मजकूर आणि ‘आयएफपीआय’ ही अक्षरे दिसतात. घरी जाळलेल्या डिस्कची खालची बाजू जांभळट किंवा हिरवट झाक मारते. मात्र केवळ चंदेरी रंगावर विश्वास ठेवू नये, कारण कारखान्यात छापलेल्या नकली डिस्कही आपल्या बाजारात पुष्कळ आल्या. वेष्टनाचा कागद अस्पष्ट छापलेला, अक्षरांच्या कडा फुटलेल्या, क्रमांक गायब किंवा डिस्कवरच्या क्रमांकाशी न जुळणारा, यांपैकी काहीही आढळले तर ती प्रत सोडून द्यावी. युरोपीय आवृत्तीचे खोके काळ्या प्लास्टिकचे असते आणि त्यात मेमरी कार्ड अडकवण्याची खाच असते.

रुपेरी पट्टीचे ‘प्लॅटिनम’ असे लिहिलेले वेष्टन म्हणजे गाजलेल्या गेमची स्वस्त पुनर्मुद्रित आवृत्ती. खेळायला ती उत्तम असते. संग्रहाच्या दृष्टीने पहिली आवृत्ती मिळत असेल तर ती घ्यावी.

भारतात रीतसर विकल्या गेलेल्या प्रतीवर आयातदाराचे नाव आणि कमाल किरकोळ किंमत लिहिलेली चिकटपट्टी असते. पुष्कळ जण ती घाण समजून खरवडून काढतात, आणि हे पाहून मला फार वाईट वाटते. ही प्रत भारतातल्या दुकानातून विकली गेली याचा तोच पुरावा आहे. ती जशी आहे तशी ठेवावी.

तिसरी पायरी: शहरात शोध कसा घ्यावा

कोल्हापुरात जुन्या गेमचे असे वेगळे दुकान शोधत बसू नये. मोबाइल आणि संगणकाची दुरुस्ती करणारे, एके काळी सीडी भाड्याने देणारे, बंद पडलेल्या गेम पार्लरचे मालक आणि भंगार गोळा करणारे, या चार ठिकाणी माल असतो. राजारामपुरीच्या गल्ल्या, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी आणि महाद्वार रोडच्या आतल्या बोळांत पायी फिरल्याशिवाय यातले काही हाती लागत नाही. फोनवर विचारल्यास बहुतेक दुकानदार शोधण्याचा त्रास नको म्हणून नाही म्हणतात. समोर उभे राहून विचारल्यास तेच काका स्टुलावर चढून माळ्यावरचे खोके उतरवतात.

विचारताना ‘प्लेस्टेशन टूचे गेम’ असे न म्हणता ‘पीएस-टूच्या ओरिजनल सीड्या’ असे म्हणावे, कारण दुकानदाराच्या दृष्टीने डीव्हीडी असो वा सीडी, सर्व सीडीच. राजारामपुरीतल्या एका दुकानात मी असे विचारले, तेव्हा मालक म्हणाले, “हाईत की दादा, पण चालत्यात का न्हाई ते मला इचारू नका.” त्या खोक्यात तीसेक डुप्लिकेट सीड्यांच्या तळाशी दोन मूळ डिस्क होत्या आणि त्यांतली एक पुढे सांगणार असलेला ‘देसी अड्डा’ होती.

हंगामही लक्षात ठेवावा. दिवाळीच्या साफसफाईत घराघरांतून जुने सामान बाहेर पडते आणि मे-जूनमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयांची वसतिगृहे रिकामी होताना विद्यार्थी जड वस्तू सोबत नेत नाहीत. या दोन मोसमांत ओळखीच्या भंगारवाल्याला आधीच सांगून ठेवावे आणि त्याने एखादी वस्तू वेगळी काढून ठेवली, तर ती उपयोगाची नसली तरी त्याच्या श्रमाचे चार पैसे द्यावेत. पुढच्या वेळी तो आठवणीने फोन करतो.

चौथी पायरी: भारतात घडलेले गेम

संग्रहाचा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो.

‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९ मध्ये निघाला. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने तो घडवला आणि पूर्णपणे भारतात तयार झालेला प्लेस्टेशन २ चा पहिला गेम म्हणून त्याची नोंद आहे. खेळ म्हणून तो कच्चा आहे. कॅमेरा नको तिथे वळतो, उड्यांचा अंदाज चुकतो आणि त्याच काळातल्या परदेशी गेमशेजारी तो फिका दिसतो. तरीही संग्रहात तो पहिल्या जागेवर असावा. ज्या यंत्रावर आपण इतकी वर्षे इतरांच्या कथा खेळलो, त्यावर आपल्या देशातल्या हातांनी पहिल्यांदा काय केले, हे या एका डिस्कवरून कळते.

त्याच वर्षीचा ‘देसी अड्डा: गेम्स ऑफ इंडिया’ हा माझ्या मते या गटातला सर्वांत आनंददायी गेम आहे. हैदराबादच्याच गेमशास्त्र या संस्थेने तो बनवला. त्यात कबड्डी आहे, विटी-दांडू आहे, पतंगाची काटाकाटी आहे. कोल्हापुरात ज्यांनी गल्लीत विटी टोलवली आहे, त्यांना हा गेम कसा खेळायचा हे समजावून सांगावे लागत नाही, आणि घरातले वडीलधारेही दुसरा कंट्रोलर हातात घेतात. दोघांनी मिळून खेळण्यासाठी दोन चांगले कंट्रोलर आधीच तयार ठेवावेत.

मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१० चा. गल्लीतले क्रिकेट हाच त्याचा विषय असल्यामुळे स्टेडियममधल्या परदेशी क्रिकेट गेमपेक्षा त्याची गंमत वेगळी आहे. चित्रपटांवर बेतलेले ‘रा.वन’ आणि ‘डॉन २’ हेही प्लेस्टेशन २ वर आले. ‘डॉन २’ तर २०१३ मध्ये, म्हणजे कन्सोलचे उत्पादन थांबत असताना निघाला, आणि या यंत्राच्या अगदी शेवटच्या गेमपैकी एक म्हणून त्याला स्थान आहे. २००७ चा ‘सिंगस्टार बॉलीवूड’ हा गाण्याचा गेम घेताना मात्र त्याचे यूएसबीवर चालणारे दोन मायक्रोफोन सोबत आहेत का, ते पाहावे. ते नसतील तर डिस्कचा उपयोग अर्धाच.

या सर्व गेमच्या बाबतीत पुस्तिका आणि वेष्टनासह पूर्ण प्रत शोधण्याचा आग्रह धरावा. हे गेम परदेशात फारसे कोणी सांभाळलेले नाहीत, त्यामुळे आपल्याकडची प्रत फाटली तर दुसरी कुठून आणायची हा प्रश्न खरा आहे.

पाचवी पायरी: युरोपीय आवृत्तीतले उपेक्षित गेम

आता परदेशी गेमकडे वळू. इथे निवड करताना मी तीन प्रश्न विचारतो: हा गेम आजही खेळावासा वाटतो का, तो आपल्या यंत्रावर चालणाऱ्या आवृत्तीत आला का, आणि ओळखणारे थोडे असल्यामुळे तो अजून परवडतो का?

सर्वांत आधी ‘रॉ डेंजर!’ हे नाव घ्यावेसे वाटते. जपानच्या आयरेम कंपनीचा हा गेम युरोपीय आवृत्तीत २००७ मध्ये निघाला. एका नव्या शहरात नाताळच्या आदल्या रात्री महापूर येतो आणि निरनिराळी माणसे त्यातून वाट काढतात, एवढीच कथा. पण त्यात शत्रूला मारायचे नसते. अंग भिजले की शरीराचे तापमान उतरू लागते, म्हणून कोरडी जागा, ऊब आणि कपडे शोधायचे असतात. एका पात्राने केलेल्या निवडीचा परिणाम पुढे दुसऱ्या पात्राच्या वाट्याला येतो. चित्रे ओबडधोबड आहेत आणि पात्रांचे बोलणे कृत्रिम आहे. तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात शिरलेले पंचगंगेचे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा गेम खेळताना हात थांबवावा लागेल. मी तो एका बैठकीत पुढे नेऊ शकलो नाही. याचाच आधीचा भाग भूकंपावर आहे आणि युरोपात तो ‘एसओएस: द फायनल एस्केप’ या नावाने आला. त्यात तहानेचा हिशेब ठेवावा लागतो. दोन्ही एकत्र ठेवावेत.

‘शॅडो ऑफ रोम’ हा कॅपकॉमचा २००५ चा गेम. यात दोन नायक आहेत: अग्रिप्पा ग्लॅडिएटर होऊन आखाड्यात लढतो आणि ऑक्टेवियानस लपतछपत सीझरच्या खुनाचा शोध घेतो. लपण्याचे भाग कंटाळवाणे आहेत, हे मान्य करायला हवे. पण आखाड्यातली लढाई विलक्षण आहे, कारण तिथे केवळ जिंकून भागत नाही. प्रेक्षकांना जोश चढेल असे डाव टाकावे लागतात, आणि ते खूश झाले की वरून अन्न आणि शस्त्रे फेकतात. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात कुस्ती पाहिलेल्या माणसाला प्रेक्षक आणि पैलवान यांच्यातले हे नाते शिकवावे लागत नाही.

त्याच कंपनीच्या क्लोव्हर स्टुडिओचा ‘गॉड हँड’ युरोपात २००७ च्या आरंभी आला आणि त्याच वर्षी स्टुडिओ बंद झाला. दिग्दर्शक शिंजी मिकामी. यात हातापायांच्या डावांची साखळी खेळाडू स्वतः रचतो आणि डावा हात कुठे, उजवा कुठे, झुकायचे कधी, याचा सराव केल्याशिवाय पहिला टप्पाही पार होत नाही. निघाला तेव्हा अनेक समीक्षकांनी तो झिडकारला होता. मेहनत करण्याची तयारी असलेल्यांनी तो आवर्जून घ्यावा. इतरांनी पैसे वाचवावेत. त्याच स्टुडिओचा ‘ओकामी’ आता पुष्कळांना ठाऊक झाला आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

‘डार्क क्रॉनिकल’ हे लेव्हल-५ या संस्थेच्या गेमचे युरोपीय नाव. अमेरिकेत तो ‘डार्क क्लाउड २’ म्हणून विकला गेला, त्यामुळे परदेशी याद्यांत तो दुसऱ्या नावाने सापडतो आणि दुकानात समोर असूनही हातून सुटतो. यात छायाचित्रे काढून त्यांतून नव्या यंत्रांच्या कल्पना सुचवायच्या, उद्ध्वस्त वस्त्या स्वतः पुन्हा वसवायच्या, आणि मधल्या वेळी मासे पकडायचे. शंभर तास सहज जातात. नावांचा हा घोळ इतरत्रही आहे: ‘फॅटल फ्रेम’ आपल्या प्रदेशात ‘प्रोजेक्ट झीरो’ आहे आणि अमेरिकेतला ‘सायरन’ इकडे ‘फॉरबिडन सायरन’ आहे. दोन्ही भयकथा आहेत. दुसऱ्या गेममध्ये शत्रूच्या डोळ्यांतून पाहून त्याला चुकवण्याची कल्पना आहे आणि ती आजही अंगावर येते. संग्रहाच्या वहीत अशा गेमची दोन्ही नावे लिहून ठेवावीत.

युरोपीय आवृत्तीचा खास लाभ असलेले दोन गेम वेगळे सांगायला हवेत. ‘ग्रेगरी हॉरर शो’ जपान आणि युरोप एवढ्याच ठिकाणी निघाला. अमेरिकी संग्राहकाला तो त्याच्या यंत्रावर सरळ चालवता येत नाही. ‘इको’ची युरोपीय आवृत्ती अमेरिकी आवृत्तीपेक्षा अधिक भरीव आहे: एकदा पूर्ण केल्यावर दोघांनी मिळून खेळण्याची सोय त्यात आहे, आणि पहिली प्रत चित्रकार्डांसह पुठ्ठ्याच्या वेष्टनात आली होती. ते पुठ्ठ्याचे वेष्टन मिळाल्यास त्याला जिवापाड जपावे.

हलकेफुलके हवे असेल, तर २००२ च्या युरोपीय आवृत्तीतला ‘मिस्टर मॉस्किटो’ घ्यावा. खेळाडू डास असतो आणि यामादा कुटुंबातल्या माणसांचे रक्त त्यांना कळू न देता शोषायचे असते. ‘वी लव्ह कातामारी’ हाही याच मांडवातला, पण त्याचा पहिला भाग युरोपीय आवृत्तीत निघालाच नाही, म्हणून तो शोधण्यात वेळ घालवू नये. ‘स्काय ओडिसी’ हा विमान उडवण्याचा शांत गेम आहे. त्याचे संगीतकार कोउ ओतानी यांनीच पुढे ‘शॅडो ऑफ द कोलोसस’चे संगीत दिले. मेलबर्न हाउसचा २००४ चा ‘ट्रान्सफॉर्मर्स’ तर मुलांचा गेम समजून दुकानात अगदी स्वस्तात सोडलेला असतो, आणि प्रत्यक्षात तो मोठ्या मोकळ्या प्रदेशांतला अवघड गेम आहे. ‘द मार्क ऑफ क्री’ आणि पॉलिफनी संस्थेचा दुचाकींचा ‘टुरिस्ट ट्रॉफी’ हेही दिसताच घ्यावेत. ‘फ्रीडम फायटर्स’ आपल्यापैकी पुष्कळांनी सायबर कॅफेत संगणकावर खेळला आहे. प्लेस्टेशन २ वर तो चौघांनी एकाच पडद्यावर खेळता येतो, हे मात्र थोड्यांना ठाऊक आहे.

‘रूल ऑफ रोझ’, ‘कुऑन’ आणि ‘हॉन्टिंग ग्राउंड’ ही तीन नावे प्रत्येक यादीत असतात. ती आता उपेक्षित राहिलेली नाहीत, फार महाग आहेत, आणि त्यांच्या नकली प्रतीही फिरतात. समोरासमोर तपासता येत नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

सहावी पायरी: ओरखडे, चिखल आणि ओल

डीव्हीडी १.२ मिलिमीटर जाडीची असते आणि तिचा माहितीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. सीडीत मात्र तो थर छापील चित्राच्या अगदी खाली असतो. म्हणून निळ्या डिस्कच्या चित्राच्या बाजूचा खोल ओरखडा म्हणजे कायमचे नुकसान. खालच्या बाजूचे बारीक ओरखडे मात्र पॉलिश यंत्रावर निघू शकतात. डिस्क दिव्यासमोर धरून तिच्यात टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात का ते पाहावे. दिसली तर तिथला थर गेलेला आहे आणि तो कोणत्याही उपायाने परत येत नाही.

पुसताना मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड घ्यावे, आणि केंद्राकडून कडेकडे सरळ पुसावे, गोलाकार कधीही नाही. टूथपेस्टचा उपाय सर्वत्र सांगितला जातो; तिच्यातले कण नवे ओरखडे पाडतात, म्हणून तो टाळावा. पुरात भिजलेली डिस्क कोरडी करून पुसणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण गाळ वाळूसारखा घासतो. ती आधी स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेखाली धरावी, गाळ आपोआप निघू द्यावा, मग उभी ठेवून सावलीत वाळवावी. डीव्हीडीच्या कडेने दोन चकत्या सुटू लागल्या असतील, तर ती यंत्रात घालू नये.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, भिंती ओल धरतात आणि पुस्तिकांना बुरशी येते. संग्रह भिंतीला टेकवून किंवा तळमजल्यावर जमिनीलगत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, खोकी पुस्तकांसारखी उभी ठेवावीत. जेल ओलावली की रंग बदलणारी जात मिळते, तीच घ्यावी. नदीच्या बाजूला राहणाऱ्यांनी हा डबा पावसाळ्याआधीच वरच्या मजल्यावर न्यावा; पाणी चढू लागल्यावर माणसे हलवायची असतात, डबे नव्हे.

सातवी पायरी: टीव्हीला जोडणे आणि नोंद ठेवणे

पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरने जोडल्यास नव्या सपाट टीव्हीवर चित्र पुसट दिसते. जुना काचेच्या नळीचा टीव्ही घरात असेल तर तो फेकू नये. या यंत्राचे गेम त्याच्याच पडद्यासाठी घडवलेले आहेत. तो नसेल, तर हिरव्या-निळ्या-लाल चित्रवायरी असलेली कंपोनंट केबल घ्यावी, तिने पुष्कळ फरक पडतो. काही युरोपीय गेम सुरुवातीलाच ५० की ६० हर्ट्झ असे विचारतात; टीव्ही साथ देत असेल तर ६० निवडावे, म्हणजे खेळ मूळ वेगाने चालतो.

मेमरी कार्ड सोनीचे मूळ ८ एमबीचेच वापरावे. ६४ किंवा १२८ एमबी लिहिलेली स्वस्त कार्डे मध्येच सर्व काही पुसून टाकतात, आणि ‘डार्क क्रॉनिकल’चे ऐंशी तास असे गेल्यावर माणूस पुन्हा तो गेम हाती घेत नाही. महत्त्वाचा खेळ नेहमी दोन कार्डांवर जतन करावा.

प्रत्येक डिस्कसाठी वहीत एक ओळ ठेवावी: दोन्ही नावे, सांकेतिक क्रमांक, कुठे व किती रुपयांना घेतली, पुस्तिका आहे का, कोणत्या तारखेला कोणत्या यंत्रावर शेवटपर्यंत चालली. दरवर्षी पावसाळा संपल्यावर, साधारण दसऱ्याच्या सुमारास, प्रत्येक डिस्क एकदा चालवून ही शेवटची तारीख बदलावी.